वारा नव्हता

तपासनीस बाईंनी चिठ्ठी चिकटवली होती ती त्याच्या चहाच्या कपाच्या कानाला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावली असती तर सवयीने बाजूला सरकवून तो कामाला लागला असता. कपाला लावली म्हणजे चहा प्यायचा तर वाचूनच. बाई हुशार होत्या. दहा वर्षांचे जुने आकडे तपासायला दुसऱ्या कार्यालयातून दोन महिन्यांपुरत्या आलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं मऊ, आणि आल्यापासून आवाज न चढवता त्यांनी सगळ्या मजल्याची झोप उडवली होती. चिठ्ठीवर बारीक अक्षरात एवढंच होतं: तुकडा पाच, बांधानंतरचं पहिलं वर्ष. अठरा मंगळवारांपुढे तुम्ही ‘वारा’ असा शेरा लिहिला आहे. अठरापैकी सोळा दिवशी वारा नव्हता. जागेवरच्या हवामान-खांबाची नोंद जोडली आहे. जरा बघाल का? त्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कानाला चिठ्ठी असल्यामुळे कप कुठे धरायचा हेच त्याला क्षणभर कळेना.

पंचवीस वर्षांत त्याच्या नोंदवहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. माणूस काटेकोर. चहात साखर घालतानाही चमचा कपाच्या कडेला सपाट करून घेणारा, स्वतःच्या घड्याळावर विश्वास ठेवून भिंतीवरच्या घड्याळाला मनातल्या मनात रागावणारा. लहानपणी थोरल्या भावाची, म्हणजे दादाची, मोजपट्टी घेऊन तो घरभर फिरायचा. दारं मोजून झाली, खिडक्या मोजून झाल्या, मग झोपलेल्या दादालाच पायापासून डोक्यापर्यंत मोजायचा. दादा सुतार. त्याने धाकट्याचं नाव टेप्या ठेवलं, आणि पुढे टेप्याचे केस पांढरे झाले, मुलीचं लग्न झालं, तरी दादाच्या तोंडी ते नाव तसंच राहिलं. आता ते नाव घेणारं कुणी नव्हतं. दादाला जाऊन सहा वर्षं होत आली होती, आणि चिठ्ठीत लिहिलेलं पहिलं वर्ष हे दादाचं शेवटचं होतं, हे त्याच्या लक्षात आलं ते कप खाली ठेवल्यावर.

आपलं काम लोकांना नीट समजावून सांगायचं तर तासभर लागायचा, म्हणून हल्ली तो ‘जमिनीचा श्वास मोजतो’ असं सांगून मोकळा व्हायचा. लोक हसायचे आणि विषय बदलायचे. शहरापासून दीड तासावर ती दलदल होती. हजारो वर्षं पाण्याखाली साचलेलं शेवाळ आणि गवत, धड न कुजलेलं, तपकिरी, पावलाखाली दबून पुन्हा वर येणारं. त्याला पीट म्हणतात. जोवर ते भिजलेलं असतं तोवर गप्प असतं. चर खणून पाणी काढून टाकलं की हवा आत शिरते, इतक्या वर्षांचं राहिलेलं कुजणं एकदम सुरू होतं, आणि जमीन कार्बन होऊन हवेत जाऊ लागते. एकाच दलदलीचे पाच तुकडे त्याच्याकडे होते. पहिल्याला कुणी हात लावलेला नव्हता. दुसऱ्यावर गुरं चरायची. तिसरा नांगरलेला. चौथ्यातलं पीट जळणासाठी कापून नेलेलं, तो उघडाबोडका. आणि पाचवा पूर्वी कोरडा केलेला, पण आता चरांना बांध घालून पुन्हा भिजवलेला. कुठल्या वापरात जमीन किती देते आणि किती परत घेते, हे मोजायचं. जमिनीत कायमचं रोवलेलं एक कडं, त्यावर घट्ट बसणारी पारदर्शक पेटी, पेटीतली हवा यंत्रापर्यंत नेणारी एक नळी आणि यंत्रातून पुन्हा पेटीत सोडणारी दुसरी. तीन मिनिटं उजेडात, मग पेटीवर काळं कापड टाकून तीन मिनिटं अंधारात. मोजणाऱ्याने दहा पावलं लांब उभं राहायचं; जवळ गेलं तर वजनाने जमीन दबते, आणि माणसाचा श्वास म्हणजे कार्बनच. नवीन आलेल्यांना तो पहिल्या दिवशी हे इतक्यांदा सांगायचा की मागून ते त्याची नक्कल करायचे. नियम सगळ्यांना होता. दादाला नव्हता.

त्या संध्याकाळी तो बसमध्ये खिडकीपाशी बसला होता. बस सुटता सुटता एक जाडसर गृहस्थ धावत आले, दोन्ही हातांत पिशव्या, आणि त्याच्या शेजारी धपकन बसले. त्यांना धाप लागली होती. खांदे वर जात होते, खाली येत होते, पिशवीतला कागद त्या तालावर चुरचुरत होता. सवयच ती, त्याने घड्याळाकडे बघून मोजायला सुरुवात केली. पहिल्या मिनिटाला तीस. पुढच्या थांब्यापर्यंत चोवीस. मग वीस. श्वास शांत होताना माणसाचा चेहरा कसा परत स्वतःसारखा होतो ते तो बघत होता, आणि बघता बघता त्याच्या मनात पाल चुकचुकली. त्याला ती थरथर आठवली. यंत्राच्या पडद्यावर कार्बनची रेषा तीन मिनिटं चढत जाते. त्या उन्हाळ्यात पाचव्या तुकड्यात ती सरळ चढायची नाही, बारीक बारीक पायऱ्या घेत चढायची. पेटी वाऱ्याने हलली की रेषा अशी थरथरते. पहिल्या मंगळवारी वारा होताही. त्याने शेरा लिहिला ‘वारा’, आणि पुढे हात वळत गेला. त्याचा थांबा आला आणि गेला. शेजारच्या गृहस्थांनी दोनदा विचारलं, “उतरायचंय का तुम्हाला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मजल्यावर कुणी यायच्या आत त्याने कच्चे आकडे उघडले. यंत्र सेकंदाला दोन आकडे टिपायचं, पण रोजच्या कामात ते इतके बारीक कुणी बघत नाही. दहा-दहा सेकंदांची सरासरी काढायची, थरथर पुसून टाकायची आणि रेषेचा चढ तेवढा घ्यायचा. कच्चा आकडा मात्र पुसायचा नसतो. तो तसाच तळाशी पडून राहतो. सहा वर्षं पडून होता. त्याने मे महिन्यातला बिनवाऱ्याचा एक मंगळवार पडद्यावर ताणून मोठा केला. खऱ्या वाऱ्याची थरथर वेडीवाकडी असते, तिला ताल नसतो. ही रेषा चार सेकंदांनी एक पायरी चढत होती, थोडी टेकत होती, पुन्हा चढत होती. मिनिटाला सोळा. त्याने बोट पडद्यावर ठेवून पुन्हा मोजलं. सोळा. आणि मग त्याला सगळं एकदम समजलं, आणि समजल्यावर त्याने पहिली गोष्ट काय केली तर उठून खिडकी उघडली.

नळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी त्याने परतीची नळी बदलली होती. तिला केसाएवढी चीर गेली होती. यंत्रातून पेटीकडे परतणारी हवा त्या चिरेतून थोडी बाहेर निसटायची, आणि जेवढी निसटायची तेवढीच बाहेरची हवा पेटीच्या कोपऱ्यातल्या बारीक तोटीतून आत ओढली जायची. आतबाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून ठेवलेली तोटी. बोटभर लांब, बांधाच्या अंगाला. त्याच अंगाला, पेटीपासून दोन हातांवर, फळीवर दादा बसायचा. वहीत त्याच्याच अक्षरात होतं: नळी बदलली, खोड गेली. त्या मंगळवारपासून रेषा सरळ झाली, हे खरं होतं. त्या मंगळवारपासून दादा यायचा बंद झाला होता, हे वहीत लिहायचं काही कारण नव्हतं.

दादाला तिथे त्यानेच नेलं होतं. दादाचं दुकान बंद झालं होतं; लोक तयार कपाटं घेऊ लागले, आणि दादा घरात बसून वहिनीच्या कामात लुडबूड करू लागला. पाचव्या तुकड्यात चरांना फळ्यांचे बांध घालायचं ठरलं तेव्हा टेप्याने दादाचं नाव सुचवलं. दादाने पाच बांध घातले. फळीला फळी अशी बसवली की पाण्याला वाट म्हणून नव्हती. चालायला फळ्यांची पायवाटही त्यानेच केली. काम संपलं तरी दर मंगळवारी तो धाकट्याबरोबर यायचा, मोठ्या बांधाशेजारी फळीवर बसायचा, आणि पाणी बांधाला जिथे टेकलं असेल तिथे पटाशीने बारीकशी खाच पाडायचा. दर आठवड्याला खाच वर सरकत होती. “टेप्या, पाणी चढतंय बघ,” म्हणायचा. टेप्या दहा पावलं लांब, दादाकडे पाठ करून, यंत्राच्या पडद्यावर डोळे लावून उभा. पाणी चढणं वेगळं आणि कार्बन वेगळा, असं तो न वळता सांगायचा. शहाणपणाचा सूर त्याच्या आवाजात आपोआप यायचा. थोरल्यापेक्षा जास्त शिकलेल्या धाकट्यांच्या आवाजात येतो तसा.

त्याने एकेक मंगळवार ताणून मोठा केला. जूनच्या शेवटी अठरा. जुलैच्या मध्यावर एकवीस. एका मंगळवारी पायऱ्या लांबट, विस्कळीत, मध्येच आखूड. बराच वेळ त्याला उलगडा होईना, मग कळलं की त्या दिवशी दादा बोलत होता. तीन मिनिटं बोलत होता, लांब वाक्यं होती, मध्ये एकदा थांबून पुन्हा तेच सांगत असावा. काय बोलत होता? त्याने डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. दादाच्या पॅन्टच्या गुडघ्यांवरचा चिखल आठवला, कानामागची पेन्सिल आठवली, डब्याच्या झाकणाला गेलेला पोचा आठवला, पण शब्द एकही नाही. ऐकले असते तर आठवले असते. ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी मिनिटाला चोवीस. ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी मध्येच आठ सेकंद रेषा सपाट, आणि मग एकामागून एक धडाधड चार पायऱ्या. तो खोकला होता. तो त्याला आठवला. तेव्हा तो स्वतः मागे न वळता म्हणाला होता, “दादा, पाणी पी.” सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी सत्तावीस. बसलेल्या माणसाचे. काही न उचललेल्या, कुठे न धावलेल्या, फळीवर नुसत्या बसलेल्या माणसाचे मिनिटाला सत्तावीस.

डिसेंबरात दादाला डॉक्टरांकडे नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, दम कधीपासून लागतो. दादा उत्तर द्यायला श्वास घेत होता, तेवढ्यात त्याने सांगून टाकलं होतं, “महिना झाला असेल.” डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला. फुप्फुसं आतून कडक होत चालली होती. चार महिने आधी आला असतात तर, असं म्हणून डॉक्टर थांबले, आणि पुढचं वाक्य त्यांनी कागदावर औषध लिहिण्यात घालवलं. चार महिने आधी म्हणजे ऑगस्ट. ऑगस्टातले चोवीस श्वास या इमारतीत, याच मजल्यावर, त्याच्या स्वतःच्या नावाने ठेवलेल्या नोंदींत होते. पाच तुकड्यांचा श्वास डोळ्यांत तेल घालून मोजणाऱ्या माणसाच्या यंत्राने भावाचा दम डॉक्टरांच्या चार महिने आधी टिपला होता, आणि त्याने त्यापुढे लिहिलं होतं, वारा.

तेवढ्यावर संपलं असतं तरी त्याने एकवेळ गिळलं असतं. पण आकड्यांच्या माणसाला बेरीज अर्धी सोडता येत नाही. दादाचा श्वास पेटीत जात होता याचा अर्थ पाचव्या तुकड्याचा कार्बन त्या उन्हाळ्यात फुगलेला होता. त्या उन्हाळ्याच्या अहवालात स्वच्छ लिहिलं होतं की पाणी अडवल्यावर जमिनीतून कार्बन कमी होण्याऐवजी वाढला. त्यावरून उरलेल्या तुकड्यांतल्या चरांचे बांध रद्द झाले. दुसऱ्या वर्षी पाचव्याचे आकडे एकदम उतरले, सगळे म्हणाले बांध लागू पडायला वर्ष लागतं. पण तोवर माणसं दुसऱ्या कामावर गेली होती, आणि दुसरा, तिसरा, चौथा तुकडा सहा वर्षं कोरडाच हवेत जात राहिला. हे झालं जगाचं. दादाचं वेगळंच होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला एकदा डबा खाता खाता दादाने विचारलं होतं, अगदी सहज विचारल्यासारखं, “माझ्या बांधाचं काय म्हणतंय तुझं यंत्र?” आणि हा खोटं बोलणारा नव्हताच. “उलट वाढलंय, दादा. चर उघडे होते तेव्हापेक्षा दीडपट.” दादा थोडा वेळ चावत राहिला. मग म्हणाला, “बरं.” पुढच्या पंधरवड्यात त्याने मोठ्या बांधाला मागून दुसरी फळी मारली. फळ्या रस्त्यापासून खांद्यावर आणल्या, एकट्याने, अर्ध्या मैलाच्या पायवाटेवरून. टेप्याने विचारलं होतं, कशाला एवढं? दादा म्हणाला, कुठेतरी गळत असेल माझ्याकडून. गळत नव्हतं. कुठेही थेंबभर गळत नव्हतं. दादाच्या कामाला नाव ठेवणारा आकडा दादाच्याच छातीतून गेला होता, आणि तो सुधारायला दादाने उरलीसुरली छाती खर्ची घातली होती.

दुपारी तपासनीस बाई त्याच्या टेबलापाशी आल्या. त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसल्या. चूक सापडली तर रागवायचं काही कारण नाही, जुन्या नोंदींत असं निघतंच, असं त्या समजुतीच्या स्वरात म्हणाल्या. नळी बदलल्याची नोंद त्यांनीही वहीत वाचली होती. नोंद वगळण्याच्या कारणांच्या यादीत दुसरा क्रमांक, यंत्रातला दोष. तो टाकायचा, अठरा नोंदी वगळायच्या, प्रश्न मिटला. वाट सोपी होती आणि खोटी म्हणता आली नसती. तो यादीकडे बघत राहिला. पहिला क्रमांक वारा, दुसरा यंत्र, तिसरा जनावर, चौथा मोजणाऱ्याचा श्वास.

“चौथा टाका,” तो म्हणाला.

“तुमचा श्वास?” बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “तुम्ही तर दहा पावलांवर असता.”

“माझा नाही. माझा थोरला भाऊ शेजारी बसायचा.” मग त्याने पडद्यावर मे महिना दाखवला, सप्टेंबर दाखवला, आणि पायऱ्या कशा मोजायच्या ते दाखवलं. बाईंनी स्वतः मोजल्या. मोजून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.  बाई एवढंच म्हणाल्या की वगळलेल्या नोंदीपुढे एक ओळ शेरा लिहिता येतो, तो तुम्हीच लिहा. त्याने लिहिलं: वारा नव्हता. भाऊ शेजारी बसला होता, त्याला दम लागत होता. अठरा ठिकाणी लिहिलं; ज्या दोन दिवशी वारा होता तिथे पहिले दोन शब्द तेवढे गाळले. एकदा लिहून खाली ओढलं असतं तर अठराही ओळी आपोआप भरल्या असत्या, पण त्याने प्रत्येक वेळी नव्याने लिहिलं. मग बाईंनी बटण दाबलं आणि अठरा नोंदी फिक्या झाल्या. मोकळ्या पडलेल्या जागेत आजूबाजूच्या आकड्यांवरून, उन्हावरून, पाण्याच्या उंचीवरून अंदाज भरला जातो. त्याला सेकंदही लागत नाही. रेषा मेपासून सप्टेंबरपर्यंत हलकी उतरत गेली, कुठे ठिगळ दिसेना. मिथेन थोडा चढलेला होता, तो पाण्यासोबत चढतोच. पण कार्बन पहिल्याच उन्हाळ्यात निम्म्याखाली आला होता. बांध पहिल्या दिवसापासून धरून होता. बाई हळू आवाजात म्हणाल्या, “चांगलं काम होतं हो त्यांचं.” त्याला हो म्हणायचं होतं, पण त्याने नुसतीच मान हलवली.

वहिनीकडे जायला तो दोन दिवस धजला नाही. तिसऱ्या दिवशी गेला. वहिनी स्वयंपाकघरात कपड्यांच्या घड्या घालत बसली होती, दादाने केलेल्या बुटक्या स्टुलावर. तिचे गुडघे दुखतात म्हणून तिच्या मापाने केलेलं. त्याने उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली. बांधाचं आधी सांगितलं, कारण ते चांगलं होतं. नंतर श्वासांचं सांगितलं. मेमध्ये सोळा आणि सप्टेंबरात सत्तावीस. वहिनीचे हात एका उशीच्या खोळीवर थांबले.

“मी पण मोजायचे,” ती म्हणाली. “हे झोपले की. तीस-बत्तीस व्हायचे. तुला फोन केला होता तेव्हा, आठवतं? म्हटलं, यांना दम लागतो, यांना नेऊ नकोस तिकडे.”

त्याला आठवत होतं. न आठवून चालणारच नव्हतं. कार्यालयातून बोलत होता, समोर दोघेजण वाट बघत उभे होते. तो म्हणाला होता, वहिनी, मोकळा वारा असतो तिकडे, बरंच वाटेल त्याला. वहिनीने ते वाक्य परत उच्चारलं नाही. तिने खोळ पुन्हा उलगडली, पुन्हा घडी घातली, कोपरे जुळवले. तिने रागवावं, निदान चार शब्द लावावेत, म्हणून तो तिथे आला होता, हे त्याचं त्यालाच तेव्हा कळलं. ती रागावली नाही. तिने विचारलं, दुसरी फळी मग फुकटच मारली का त्यांनी? तो म्हणाला, हो. ती म्हणाली, खांदे सोलले होते तेव्हा, मी हळद लावली होती. आणि मग खिडकीकडे बघत म्हणाली, “मला एकदा ने तिथे.”

मंगळवारी तो तिला घेऊन गेला. तिला चालायला वेळ लागला. पायवाटेच्या फळ्या सहा वर्षांत काळ्या पडल्या होत्या, पण एकही हलत नव्हती, आणि ती प्रत्येक फळीवर पाऊल टेकून, पारखून, मगच वजन टाकत होती. चौथ्या तुकड्याच्या बाजूने जाताना तिने विचारलं, इथे का असं उजाड? त्याने सांगितलं. इथे बांध व्हायचे होते, झाले नाहीत. या वर्षी होतील, आकडे सुधारून पाठवलेत.  पाचवा तुकडा आला तेव्हा तिला विचारावं लागलं नाही. शेवाळ हिरवंगार चढलेलं, गवताची पांढरी बोंडं, आणि मधे बांधाला टेकून स्थिर पाणी. ढग होते. गवताचं पातं हलत नव्हतं. हवामान-खांबावरचं चाक थांबलेलं होतं. त्याने सवयीने तिकडे पाहिलं आणि मग ओशाळून मान वळवली.

खाचा दिसत नव्हत्या. पाणी त्यांच्या वर गेलं होतं. वहिनी फळीवर खाली बसली, बाही कोपरापर्यंत सारली आणि बांधाच्या कडेने हात पाण्यात घातला. थंड पाण्याने तिचा श्वास आत ओढला गेला. बोटं फळीवरून खाली सरकत होती, अडखळत होती, पुन्हा सरकत होती, आणि ती पुटपुटत मोजत होती. खांदा पाण्याला लागला तशी थांबली. “तेरा,” ती म्हणाली. “पुढे हात पुरत नाही.” त्याने सांगितलं, आणखी पाच आहेत. तिने हात बाहेर काढला, पण पुसला नाही. थेंब तसेच फळीवर पडू दिले.

मग त्याने कड्यावर पेटी बसवली, नळ्या जोडल्या, आणि दहा पावलं चालत यंत्रापाशी गेला. वहिनी जिथे बसली होती तिथेच बसून राहिली. पेटीपासून दोन हातांवर, बांधाच्या अंगाला. नियम सांगायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. या वेळी तो पाठ करून उभा राहिला नाही. यंत्र हातात धरून तिच्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि एक डोळा पडद्यावर, एक तिच्यावर असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा करावं लागलं. चालण्याने तिला अजून थोडा दम होता. पदर खाली-वर होत होता. त्याने मोजले. बावीस होते, मग वीस झाले.

“दिसतोय का रे माझा?” तिने तिथूनच विचारलं.

त्याने पडद्याकडे पाहिलं. रेषा उतरत होती. उजेड होता, शेवाळ कार्बन आत घेत होतं, आणि ती सरळ, कुठेही न थरथरता उतरत होती.

“नाही, वहिनी. तेव्हा नळीला चीर होती. आता नळी चांगली आहे.”

“बरं,” वहिनी म्हणाली, आणि तीन मिनिटं होईपर्यंत तिथेच बसून राहिली.